एन२ झालंय, पण शिकवायला तयार आहे का मी?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी एकतीस वर्षांची, जपानीची एन२ पास (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत एन५ सगळ्यात सोपी पातळी आणि एन१ सगळ्यात अवघड), एका कंपनीत सहा वर्षं भाषांतराचं काम करतेय. एका खासगी क्लासने तिला शनिवार-रविवारची एन५ ची बॅच घेणार का म्हणून विचारलंय, बॅच दीड महिन्यात सुरू होणार. ट्रेनिंग वगैरे काही नाही, "पुस्तक ठरलेलं आहे, आठवड्याला एक धडा संपवायचा, बाकी तुमचं तुम्ही बघा" एवढंच सांगितलंय. घरचे म्हणतात, भाषा येते ना, मग शिकव की, त्यात काय एवढं. तिला मात्र धास्ती वाटतेय, कारण चुलत बहिणीला सहज म्हणून शिकवायला बसली तर तिने शब्दाला मागून लागणाऱ्या 'वा' आणि 'गा' या दोन प्रत्ययांमधला फरक विचारला आणि हिला तो सांगताच येईना, जितकं समजावलं तितकी बहीण जास्त गोंधळली. तेव्हापासून हिच्या डोक्यात पक्कं बसलंय की आधी एन१ करायची, मग एखादा महागडा टीचर ट्रेनिंग कोर्स करायचा आणि मगच वर्गात पाय ठेवायचा, नाहीतर विद्यार्थ्यांची फसवणूक. शिवाय ऑनलाइन इतके जपानी लोक स्वतः शिकवत असताना माझ्याकडून कोण कशाला शिकेल, हाही प्रश्न आहे. आणि शेवटच्या ओळीत हळूच, नोकरी सोडून यातच पडू का?

तुझी धास्ती मला आवडली, खरंच सांगते. "भाषा येते ना, मग शिकव" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, घरच्यांकडून, क्लासवाल्यांकडून, कधी कधी शिक्षकांकडूनसुद्धा, की कोणीतरी थांबून "एक मिनिट, मला हे येतं का?" असं विचारतंय हेच मोठं वाटतं. पण या धास्तीतून तू जो रस्ता काढलायस ना, आधी एन१, मग कोर्स, मग वर्ग, तो मला पटत नाही. त्या रस्त्याने गेलीस तर तीन वर्षांनीही तू वर्गाच्या दाराबाहेरच असशील आणि 'वा' आणि 'गा' चा प्रश्न तेव्हाही तसाच अंगावर येईल.

का ते सांगते. जेएलपीटी १९८४ पासून चालू आहे, २०१० मध्ये चारच्या पाच पातळ्या झाल्या, आणि या परीक्षेत शब्द-व्याकरण, वाचन आणि ऐकणं एवढंच तपासलं जातं, तेही पर्यायांपैकी एक निवडून. बोलण्याची परीक्षा नाही, लिहिण्याची नाही, एन१ लाही नाही. म्हणजे एन१ पास झालेला माणूस अवघड संपादकीय वाचू शकतो याची खात्री देता येते, पण तो नवख्या विद्यार्थ्यासमोर सोप्या जपानीत तीन वाक्यं नीट बोलू शकतो का हे त्या सर्टिफिकेटवरून कळत नाही, आणि समोरच्याची चूक कुठून आली हे ओळखू शकतो का हे तर अजिबातच नाही. एन१ कर ना, जरूर कर, तुझ्या भाषांतराच्या कामाला उपयोग होईल, तुझं वाचन वाढेल, पुढे वरच्या बॅच घ्यायच्या असतील तर लागेलच. पण एन५ शिकवण्याची पूर्वतयारी म्हणून ती करायची असेल तर चुकीच्या दुकानात उभी आहेस. एन५ शिकवायला एन५ च्याच गोष्टी खूप खोलवर आणि उलटसुलट माहीत असाव्या लागतात, आणि तो अभ्यास एन१ च्या पुस्तकात नाहीये.

आता बहिणीकडे येऊ, कारण तुझ्या पत्रातला सगळ्यात कामाचा भाग तोच आहे आणि तू त्याला अपयश म्हणून बाजूला टाकलंयस.

'वा' आणि 'गा' वर जपानी व्याकरणकारांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिलीत आणि तरी वाद मिटलेला नाही. तो फरक तू नवीन मुलीला दहा मिनिटांत सांगायला निघालीस, तर गोंधळ होणारच होता. तुझं जपानी कमी पडलं असं काही झालेलं नाही, तू जास्त सांगितलंस. अनुभवी शिक्षक काय करतो? तो या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देतच नाही, आज या विद्यार्थ्याला पेलेल एवढाच तुकडा देतो. उदाहरणार्थ असं: "प्रश्नाचा शब्दच कर्ता असेल तर नेहमी गा. दारे गा किमाशिता का, कोण आलं? आणि उत्तरातही गाच, तानाका-सान गा किमाशिता, तानाका आला, दुसरं कोणी नाही. आणि मी स्वतःबद्दल सांगायला सुरुवात करते तेव्हा वाताशि वा. आज एवढंच." मग पाच-सहा प्रश्न विचारायचे, खोलीतल्या माणसांबद्दलच, कोण उशिरा आलं, कोणाकडे छत्री आहे, आणि उत्तरं काढून घ्यायची. उरलेला फरक पुढच्या धड्यांत जसजसा येईल तसतसा. काय सांगायचं यापेक्षा आज काय सांगायचं नाही हे ठरवता येणं, शिक्षकाचं निम्मं कसब इथे आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि हे कुठल्याही भाषापरीक्षेत विचारत नाहीत.

आता जपानी लोकांचा मुद्दा. तुझ्या मनात एक उतरंड आहे, वर मूळ भाषिक, मग एन१ वाले, मग तू. ही उतरंड जपान स्वतःच मानत नाही गं. तिथे एप्रिल २०२४ पासून नवा कायदा लागू झालाय, जपानी शिकवणाऱ्यांसाठी नोंदणीकृत शिक्षक अशी राष्ट्रीय पात्रता आली, तिची पहिली परीक्षा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली, आणि नुसती परीक्षा देऊन भागत नाही, प्रत्यक्ष शिकवण्याचं प्रशिक्षणही त्यात आहे. त्याच्या आधीही तिथल्या भाषाशाळांमध्ये शिकवायचं तर ४२० तासांचा प्रशिक्षण कोर्स हा एक नेहमीचा मार्ग होता. म्हणजे जन्मापासून जपानी बोलणाऱ्या माणसालाही त्यांचाच देश सांगतो, शिकवायचंय ना, मग शिकवायला शिका. कोरियातही तेच, कोरियन शिक्षकाच्या सर्टिफिकेटच्या तीन पातळ्या आहेत आणि सुरुवातीच्या तिसऱ्या पातळीला १२० तासांचा कोर्स आणि वर परीक्षा. चिनी शिकवणाऱ्यांसाठी जे आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट आहे त्यात लेखी परीक्षेबरोबर मुलाखतही असते.

आणि हे उगाच नाही. 'ते-फॉर्म' घे, म्हणजे क्रियापदाचं 'ते' किंवा 'दे' ने संपणारं रूप. काकु चं काइते, योमु चं योंदे, इसोगु चं इसोइदे, आणि इकु मात्र नियम मोडून इत्ते. जपानी माणूस हे लहानपणी नकळत बोलायला शिकला, शाळेत त्याला जे व्याकरण शिकवलं जातं त्याची मांडणी वेगळी, तुमच्या पुस्तकातले क्रियापदांचे पहिला गट, दुसरा गट, तिसरा गट हे प्रकरण तिथे त्या रूपात नसतंच. त्यामुळे "योंदे का, योइते का नाही?" असं विचारलं तर प्रशिक्षण न घेतलेला जपानी माणूस बऱ्याचदा "असंच म्हणतात" यापलीकडे जाऊ शकत नाही. तू मात्र हा चढ स्वतः चढलीयस, कुठे पाय घसरतो तुला माहितीये. उच्चाराची सहजता, कुठला शब्द कुठे कानाला खटकतो याची जाण, तिथलं रोजचं जगणं, यात तो तुझ्या पुढे असणार, ते मान्य करायचं आणि रेकॉर्डिंग, पाहुणे, ऑनलाइन गप्पा असं करून वर्गात आणायचं. पण स्पर्धा म्हणून त्याकडे बघू नकोस. जपान फाउंडेशन या तिथल्या सरकारशी जोडलेल्या भाषा-संस्कृती संस्थेच्या २०२१ च्या पाहणीत जपानबाहेर संस्थांमधून जपानी शिकणारे जवळपास ३८ लाख होते आणि शिक्षक ७४ हजारांच्या थोडे वर, म्हणजे एका शिक्षकामागे पन्नासेक जण, तेव्हा तू कोणाची जागा अडवत नाहीयेस.

उलट मराठी बोलणाऱ्याला जपानी शिकवताना तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी मला फार मोलाची वाटते आणि जी बहुतेक क्लासेसमध्ये वाया जाते. बरीचशी पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून समजावतात. अमेरिकन सरकार आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्यांच्या हिशोबात इंग्रजी भाषिकाला जपानी, चिनी, कोरियन, अरबी या गटाला साधारण २२०० तास वर्गात लागतात आणि हिंदीला त्याच्या निम्मे, ११०० च्या आसपास. हे आकडे आपल्याकडेही "जपानी जगात सगळ्यात अवघड" म्हणून फिरवले जातात, पण ते आपल्यासाठी काढलेलेच नाहीत! 'वाताशि वा तोक्यो ए इकिमासु', मी टोकियोला जाते, क्रियापद शेवटी, 'ला' च्या जागी 'ए', शब्दाला मागून चिकटणारा. मराठी मुलगा हे वाक्य एका दमात पकडू शकतो, पण आपण त्याला आधी इंग्रजी वाक्यरचना आठवायला लावतो आणि मग ती उलटी करायला सांगतो. हा वळसा काढून टाक. कांजी, म्हणजे चिनीवरून आलेली अक्षरं, अर्थातच कष्टाचीच राहणार, रोजच्या वापराच्या सरकारी यादीत २१३६ आहेत, तिथे मराठी काही मदत करत नाही.

आवाजांचंही तसंच. 'त्सु' आपल्याला आयता येतो, 'चूक' म्हणताना जो च निघतो त्याच्या अगदी जवळचा. जोडाक्षरातला थांबा आपल्याकडे आहेच, पत्ता, पक्का, त्यामुळे 'किते' आणि 'कित्ते' मराठी माणूस सहसा गुंतवत नाही. पण आखूड-लांब स्वर? तिथे आपण हमखास अडकतो. ओबासान म्हणजे मावशी-काकू आणि ओबाआसान म्हणजे आजी, मराठीत अ आणि आ यांचा उच्चारच वेगळा आहे, जपानीत मात्र तोच आ एक मात्रा की दोन मात्रा एवढाच फरक, आणि आपल्या ए आणि ओ ला तर आखूड-लांब अशी जोडीच नाही. हे तुला आधी माहीत असेल तर पहिल्याच आठवड्यात टाळ्या वाजवून मात्रा मोजायची सवय लावशील, आणि तीन महिन्यांनी पक्क्या झालेल्या चुका सोडवत बसणार नाहीस. (इतर भाषा शिकवणाऱ्यांनीही आपापली अशी यादी करावी. चिनीत रोमन लिपीमुळे आपली फार दिशाभूल होते, 'बी' दिसला की आपण ब म्हणतो, खरा आवाज प च्या जवळचा, आणि 'पी' दिसतो तिथे ओठ मिटून सोडलेला फ, म्हणजे दोन्ही आवाज आपल्याकडे घरचे आहेत आणि तरी आपण चुकतो. सूर मात्र शून्यापासून शिकवावे लागतात. कोरियनमध्ये श्वास सोडून म्हणायचा ख सापडतो, पण साधा आणि ताणलेला यातला फरक कानाला आठवडेच्या आठवडे ऐकवावा लागतो.)

एक सवय सुरुवातीपासून लावून घे, हिरागाना ही जपानीची पहिली लिपी शिकवून झाली की फळ्यावर देवनागरीत जपानी लिहिणं बंद. पहिले पंधरा दिवस मुलं कुरकुरतील, वेग कमी होईल, होऊ दे. ज्या बॅचला चौथ्या महिन्यातही देवनागरीत उच्चार लिहून मिळतात ती बॅच वाचायला शिकत नाही.

बरं, आता कोर्सचं. प्रशिक्षण नको असं मी म्हणत नाहीये, उलट ते हवंच आणि सतत हवं. माझा प्रश्न एवढाच की कुठलं? तू लिहिलंयस 'महागडा', आणि मला वाटतं तू किंमतीवरून त्याची खोली मोजतेयस. पैसे भरायच्या आधी त्यांना विचार की मी स्वतः उभं राहून किती वेळ शिकवणार, समोर खरे विद्यार्थी असतील की आम्हीच एकमेकांचे विद्यार्थी बनणार, माझा तास कोण बघणार, तो माणूस सध्या वर्ग घेतो का, आणि बघून झाल्यावर माझ्याशी किती वेळ बोलणार. याची उत्तरं गोलमोल आली आणि सगळा भर रेकॉर्डेड व्हिडिओ, पीडीएफ आणि शेवटच्या क्विझवर असेल तर तो कोर्स तुला शिकवण्याबद्दल बोलायला शिकवेल, शिकवायला नाही. पोहण्याचा कोर्स पाण्याबाहेर करण्यासारखं आहे ते. सिद्धांत वाचायला हवाच, पण चार तास शिकवून झाल्यावर वाचलेला सिद्धांत डोक्यात जातो, आधी वाचलेला नुसता वहीत राहतो. जपान फाउंडेशन परदेशी शिक्षकांसाठी प्रशिक्षण घेतं, सैतामातल्या उरावाला त्यांची खास संस्था १९८९ पासून आहे, आणि अशा कार्यक्रमांना अर्ज करताना शिकवण्याचा अनुभव फार उपयोगी पडतो. म्हणजे बघ, तू वर्ग शेवटी ठेवलायस आणि चांगल्या प्रशिक्षणाला वर्ग आधी हवा असतो.

म्हणून माझं म्हणणं, बॅच घे. पण क्लासने दिलेल्या अटींवर नको.

दीड महिना हातात आहे. क्लासवाल्यांना सांग की सुरू व्हायच्या आधी मला चालू बॅचमध्ये मागे बसू द्या, निदान चार-पाच तास, पैसे नकोत त्याचे. बसशील तेव्हा शिक्षकाकडे बघू नकोस, विद्यार्थ्यांकडे बघ. एक कागद घे, मुलांची नावं लिही, जो बोलेल त्याच्यापुढे काडी मार. तासाच्या शेवटी कळेल की तिघंच बोलत होते आणि कोपऱ्यातल्या मुलीने तोंडसुद्धा उघडलं नाही. दुसरी गोष्ट बघ, प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतो. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांचं रेकॉर्डिंग करून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, आणि तीन सेकंद थांबायला लागले की उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलायला लागतात. ते विज्ञानाचे वर्ग होते, परक्या भाषेत तर विद्यार्थ्याला शब्द शोधून, प्रत्यय लावून, क्रियापद शेवटी नेऊन ठेवायचं असतं, त्याला तीनही कमी पडतील. नवीन शिक्षकाला ती शांतता सहन होत नाही, आपण नापास होतोय असं वाटतं आणि तो उत्तर सांगून टाकतो. तू मनातल्या मनात मोज, पाचपर्यंत.

त्यानंतर त्याच शिक्षकाला विचार, तुमच्या तासातली पंधरा मिनिटं मला द्याल का. फक्त पंधरा, एकच गोष्ट. समज 'ते कुदासाइ' आहे, म्हणजे 'कृपया अमुक करा' असं सांगणं. लगेच फळ्यावर नियम लिहायला जाऊ नकोस. आधी नुसतं म्हण, 'मादो ओ आकेते कुदासाइ', आणि खिडकीकडे हात कर, कोणीतरी उठून उघडेल. मग बंद करायला सांग. उभं राहायला सांग, नाव लिहायला सांग, वही शेजारच्याला द्यायला सांग. दहा सूचना होईपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं की ही विनंती आहे, आणि त्यांनी एक अक्षर बोललेलं नसतं. मग त्यांच्या तोंडून काढ, मग फळ्यावर क्रियापदांचे दोन गट, मग मुलांच्या जोड्या कर, एकाच्या हातात चित्र आणि दुसऱ्याच्या हातात कोरा कागद, पहिल्याने जपानीत सांगायचं, दुसऱ्याने काढायचं, आणि या वेळात तू गप्प. फिरायचं, ऐकायचं, चुका टिपायच्या, मध्ये तोंड घालायचं नाही. शेवटी दोनच चुका फळ्यावर घ्यायच्या, ज्या सगळ्यांकडून झाल्यात त्या, कोणाचं नाव न घेता. सगळ्या चुका दुरुस्त करणारा शिक्षक मुलांना मेहनती वाटतो, पण त्याच्या वर्गात हळूहळू कोणी बोलेनासं होतं.

हे फोनवर रेकॉर्ड कर, फक्त आवाज पुरे, वर्गाची परवानगी घेऊन. घरी ऐक. ऐकायला त्रास होईल पण ऐक, कारण तू किती बोललीस आणि ते किती बोलले हे दुसऱ्या कशातूनही कळत नाही. आणि ते रेकॉर्डिंग एका माणसाला ऐकव ज्याला शिकवणं कळतं, जपानी नसेल येत तरी चालेल, चांगला इंग्रजीचा किंवा संस्कृतचा शिक्षकसुद्धा पन्नास गोष्टी दाखवेल. याच रेकॉर्डिंगमध्ये तुझं जपानीही तपास, परीक्षेने ते तपासलेलं नाहीये हे लक्षात ठेव. मात्रा पडतायत का, वाक्याचा सूर मराठी होतोय का. सहा वर्षं भाषांतर करतेयस पण त्यात कागदावरचं किती आणि तोंडाने किती हे तुलाच माहीत. कमी असेल तर बॅचबरोबर स्वतःसाठी एखाद्या जपानी शिक्षकाकडे आठवड्याला एक तास बोलायला लाव, त्या तासाला मी एन१ च्या क्लासपेक्षा आधी पैसे देईन.

क्लासशी अजून दोन गोष्टी बोलायच्या आहेत. "आठवड्याला एक धडा" हे मान्य करू नकोस, निदान लवचीकता माग. धडा संपला म्हणजे शिकवून झालं असं नसतं, ते फक्त पान उलटणं असतं. जपान फाउंडेशनने २०१० मध्ये युरोपच्या भाषा शिकण्याच्या सहा पातळ्यांच्या चौकटीवरून आपलं स्टँडर्ड आणलं, त्यातली मला सगळ्यात उपयोगी वाटणारी सवय म्हणजे धड्याच्या वर 'आज काय करता येईल' हे लिहायचं. स्वतःची ओळख करून देता येईल, दुकानात किंमत विचारता येईल, उशीर होणार आहे असा निरोप देता येईल. तुझ्या वहीत प्रत्येक धड्याला असं एक वाक्य लिही, आणि तासाच्या शेवटी ते कोणाकोणाला जमलं ते बघ, अर्ध्यांना जमलं नसेल तर पुढचा धडा थांबेल, आणि क्लासवाल्यांना तू हे आधीच सांगितलेलं असेल. दुसरी गोष्ट, बॅचमध्ये किती जण असणार ते आत्ता विचार. पस्तीस-चाळीस म्हणाले तर बोलण्याचा सराव जवळजवळ अशक्य आहे, मग दोन बॅच कराव्यात म्हणून अडून बस, आणि तयारीच्या वेळेचाही हिशोब मानधनात धरायला सांग. पहिल्या बॅचला दोन तासांच्या वर्गासाठी तीन-चार तास तयारी लागेल, तो वेळ कोणालाच दिसत नाही आणि त्याच कारणाने चांगले शिक्षक दोन वर्षांत हे काम सोडतात. हे मला फार लागतं. आशियाई भाषांचे क्लास भराभर निघतायत आणि शिक्षकाला घडवायची जबाबदारी मात्र कोणी घेत नाही, "बाकी तुमचं तुम्ही बघा" हे वाक्य तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा राग तुझ्या वतीनेही आला आणि त्या बॅचमध्ये पैसे भरून येणाऱ्या मुलांच्या वतीनेही. यातलं काहीच, मागे बसू देणं, कोणीतरी तास बघणं, संख्या आटोक्यात ठेवणं, ते करायला तयार नसतील तर हा क्लास सोड आणि तीन-चार जणांची स्वतःची छोटी बॅच घे. बहिणीपासून सुरू कर, ती एव्हाना रुसली नसेल तर.

नोकरी सोडू नकोस, आत्ता तरी. एक बॅच पूर्ण झाल्याशिवाय हे काम आपल्याला आवडतं की आपल्याला त्याची कल्पना आवडते हे कळत नाही, आणि पैशाच्या काळजीत असलेला शिक्षक मिळतील तेवढ्या बॅच घेतो आणि कशाचीच तयारी करत नाही. शिवाय तुझी नोकरी हीच तुझी शिदोरी आहे, खऱ्या मीटिंगमध्ये जपानी माणसं काय बोलतात, नाही म्हणायचं असेल तर कसं टाळतात, ईमेलची सुरुवात कशी करतात, हे पुस्तकात शिळं असतं आणि तुझ्याकडे ताजं. नावं-गावं काढून ते वर्गात वापर.

फसवणुकीचं म्हणशील तर, फसवणूक तेव्हा होते जेव्हा आपण नसलेलं आहे म्हणून सांगतो. पहिल्या दिवशी सरळ सांग, मी एन२ आहे, भाषांतराचं काम करते, पूर्ण बॅच घ्यायची ही पहिलीच वेळ, आणि ही एन५ ची बॅच आहे, म्हणजे संपल्यावर तुम्ही स्वतःबद्दल, रोजच्या गोष्टींबद्दल साधं बोलू-वाचू शकाल, लगेच नोकरी मिळेल असं मी म्हणणार नाही. दिलगिरीच्या सुरात नको, माहिती म्हणून. एखादा उठून जाईल, जाऊ दे. आणि वर्गात कोणी असं काही विचारलं जे तुला येत नाही, तर वहीत लिहून घे, पुढच्या शनिवारी उत्तर आणते म्हण, आणि पुढच्या शनिवारी तासाची सुरुवात त्या उत्तरानेच कर.